भाऊबीजेची सुरी

जयनगर, बेंगळुरू
२५ ऑक्टोबर २०२५

चि. गुरुराज यास,

अक्काचे आशीर्वाद. वसुमतीला आणि तनयलाही. मी खुशाल आहे. ऑपरेशन केलेल्या डोळ्याला आता स्वच्छ दिसतं, थेंब वेळेवर घालते, खाली वाकायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. वसुमतीने बांधून दिलेल्या चकल्या संपल्या. डबा धुऊन ठेवला आहे.

एकाच गावात राहून पत्र कसलं, असं वाटून हसला असशील. हसून घे. फोन केला की तू मला स्पीकरवर टाकतोस आणि मी तुला विचारलेल्याला वसुमती उत्तर देते. व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहिल्या की तू जोडलेले हात पाठवतोस. पत्राला स्पीकर नसतो. तेव्हा बाल्कनीत जाऊन बस आणि मनातल्या मनात वाच.

मी तुझ्यावर रागावले आहे. परवापासून धड जेवलेले नाही. तू म्हणशील, अक्का काय, नेहमीच रागावते. हो, रागावते. पण आजवर रागावले ती इडली गार आली म्हणून, नाहीतर रिक्षावाल्याने सुम्ने, उगाचच, गोल फिरवून नेलं म्हणून. तो राग चहा प्यायला की उतरायचा. हा उतरत नाही.

परवा भाऊबीजेला काय झालं ते मी लिहून काढते, कारण तुला अजून वाटतंय की काहीतरी फार छान झालं. तुझा हॉल माणसांनी भरलेला. मी तुला ओवाळलं. ओवाळणी तबकात घालायची असते. तू लाकडी पेटी उघडलीस, त्यातून सुरी काढलीस, माझा उजवा हात पुढे ओढलास आणि सुरी सरळ माझ्या मुठीत दिलीस. अरे, धारेची वस्तू कुणाच्या हातात देऊ नये, खाली ठेवावी आणि दुसऱ्याने उचलावी, नाहीतर दोघांत भांडण लागतं, हे आपल्या घरात रांगत्या पोरालाही शिकवतात. आई अडकित्तासुद्धा आधी खाली ठेवायची. तू बँकेत मॅनेजर झालास आणि हे विसरलास. सरी, ठीक आहे. भांडण लागलं आहे.

मग तू भाषण केलंस. म्हणालास, अप्पांच्या कात्रीची ही दोन पाती, एकाची सुरी अक्काला, एकाची मला, म्हणजे अप्पा दोन्ही घरांत राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझा तनय व्हिडिओ काढत होता. त्या सुरीच्या मुठीत तू जो पितळी खिळा बसवला आहेस तो मी बघितला आणि लगेच ओळखला. तो कात्रीच्या सांध्याचा खिळा. मी मान खाली घालून त्यावरून अंगठा फिरवत राहिले. तुला वाटलं अक्का गहिवरली. व्हिडिओखाली कुणीतरी तसं लिहिलंही आहे.

आणि तेवढ्यावर थांबायचं ना. तू सगळ्यांसमोर जाहीर केलंस की अक्काने आयुष्यभर लोकांचे ब्लाउज बेतले, आता पुरे, दिवाळीनंतर जयनगरचं दुकान बंद, अक्का आमच्याकडे राहायला येणार, ह्या सुरीने भाजी चिरणार आणि आराम करणार. दुकान माझं. हात माझे. ही बातमी मला तिथे, हातात तबक घेऊन, बाकीच्यांबरोबर कळली. वसुमतीच्या बहिणीने मला मिठी मारून अभिनंदन केलं. कशाचं, ते मी तिला विचारलं नाही.

तू कात्री नेलीस कधी, तेही मी आता शोधून काढलं. ऑपरेशननंतर मी तुझ्या घरी पडून होते. खंडेनवमी आली. दुकानात आयुधपूजा चुकायला नको म्हणून माझाच जीव वरखाली होत होता, मीच तुला चावी दिली. तू गेलास, मशीनला हार घातलास, कात्रीला हळदकुंकू लावलंस, फोटो पाठवलास. तो फोटो बघून मी डोळ्याची पट्टी सांभाळत रडले होते, माहीत आहे तुला? आणि पूजा झाल्यावर तीच कात्री पिशवीत घालून तू, सुऱ्या घडवायला शिकवतो त्या अभिराजच्या शेडवर घेऊन गेलास. देवाप्पा बिचारा अप्पांच्या वेळेपासून आपल्या मशीनवर बसतो, तो तुला अडवणार थोडाच. त्याला वाटलं धार लावायला नेतोस. ज्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, नुसता नमस्कार करायचा, त्या दिवशी तू ते घेऊन गेलास आणि ग्राइंडरवर धरलंस.

तुझ्या छंदांना मी कधी नाव ठेवलं नाही. रिटायर झाल्यावर आधी बोन्साय झालं, मग सतार झाली, आता सुऱ्या. सासऱ्यांच्या जुन्या कानशीची सुरी करून वसुमतीला दिलीस, छान झाली. करवतीच्या पात्याची तनयला दिलीस, त्याच्या घरी जेवण मोबाइलवरून येतं, पण असू दे, भिंतीवर लावेल. त्या वस्तू माळ्यावर गंजत होत्या, तू त्यांना रूप दिलंस. पण दुकानातली कात्री गंजत नव्हती रे. ती रोज चालत होती. टेबलावर तिची एक जागा आहे, तिथलं लाकूड गुळगुळीत झालं आहे. काल मी दुकान उघडलं आणि सवयीने तिथे हात टाकला. हाताला लाकूड लागलं.

तू ‘अप्पांची कात्री’ म्हणालास. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही. ते लिहायला बसले तर हे पत्र तुला पाठवता येणार नाही.

आता कामाचं. सोयराबाई तुला आठवत असतील, त्यांच्या लग्नातले ब्लाउज अप्पांनी शिवले होते. त्यांच्या नातीचं लग्न डिसेंबरात आहे. माझ्या डोळ्यासाठी ती माणसं थांबली, दुसरीकडे गेली नाहीत. कापड येऊन पडलं आहे, नवरीचं, आईचं, मावश्यांचं. देवाप्पा शिवेल, पण बेतायचं कुणी आणि कशाने? भाजीच्या सुरीने?

दुकान बंद होणार नाही. ज्या ग्रुपवर टाळ्या पडल्या त्याच ग्रुपवर तू हे लिही, तुझ्या शब्दांत, पण लिही. आणि मला उत्तर पाठव. हात जोडू नकोस.

अक्का


जयनगर
३ नोव्हेंबर २०२५

गुरुराज,

आशीर्वाद. खुशाली विचारत नाही, आज सकाळी तुझा फिरायला गेल्याचा फोटो बघितला.

तू ग्रुपवर लिहिलंस ते वाचलं. ‘अक्काची इच्छा आहे म्हणून दुकान अजून थोडे दिवस चालू ठेवू.’ ठेवू म्हणजे कोण कोण रे? त्या दुकानाचं शटर तू कधी वर केलं आहेस? स्वल्प तरी विचार करून लिहायचं होतं. आणि त्याखाली तुझ्या साडूने ‘महिलांचा हट्ट’ म्हणून हसण्याचं चित्र टाकलं, त्याला तू काही बोलला नाहीस, हेही मी बघितलं. माझा डोळा आता फार चांगला झाला आहे.

तुझं पार्सल आलं. काळी पेटी, आत मखमल, जपानची कात्री. सोबत तुझं कार्ड, ‘सॉरी अक्का, ही जगातली सगळ्यात उत्तम.’ देवाप्पाने मशीन थांबवली, हात पुसून ती उचलली आणि ‘अय्यो’ म्हणाला. पोलाद कसं ते त्याला कळतं. त्याने एक चिंधी कापली आणि हसला.

मग मी घेतली. नशीब, सोयराबाईंच्या रेशमावर नाही, अस्तराच्या तुकड्यावर करून बघितली. दोन्ही पाती एकमेकांपासून फाकली, कापड मध्ये सापडून दुमडलं आणि चावल्यासारखं झालं. खडूची रेघ वरच्या पात्याखाली गेली, मला दिसेना. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी कात्री पेटीत ठेवली, पेटी बंद केली आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीवर हात आपटला. तो अजून दुखतो.

कात्री उत्तम आहे. फक्त ती माझ्यासाठी नाही.

गुरुराज, मी कोणत्या हाताने कापते?

थांब. पुढे वाचू नकोस. आधी उत्तर आठव. एका ताटात जेवलो आपण, एका पलंगावर झोपलो. तुझ्या मुंजीचा झब्बा मी बेतला, तुझ्या लग्नातलं वसुमतीचं पोलकं मी बेतलं. कोणत्या हाताने?

डाव्या.

तुला माहीत नाही, कारण तू मला कापताना बघितलंच नाहीस. तू दुकानात यायचास ते दारापर्यंत. डबा द्यायचास, चावी घ्यायचास, शाळेतल्या मित्रांनी बघू नये म्हणून निघून जायचास. शिंप्याचा मुलगा म्हणवून घ्यायची तुला लाज वाटायची, ते मला तेव्हाही कळत होतं आणि मी कधी तुझ्यावर चिडले नाही. घरात तुला दिसला तो माझा उजवा हात. मी जेवते उजव्याने, लिहिते उजव्याने, तुला ओवाळते उजव्याने. हा उजवा हात आईने तयार केलेला आहे.

कसा केला ते तुला आठवतं का? तू पाच-सहा वर्षांचा असशील. मी डाव्याने घास उचलला की तू ताटावरून ओरडायचास, ‘आई, अक्कानं डाव्या हातानं घेतलं.’ दर वेळी. तुला त्यात गंमत वाटायची. मग आई अस्तराची पट्टी आणून माझा डावा हात पाठीमागे बांधायची आणि जेवण होईपर्यंत सोडायची नाही. एकदा तशीच शाळेत पाठवलं. डाव्या हाताची मुलगी उजवली जाणार नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. उजव्या हाताची करूनही मी उजवली गेले नाहीच, पण तो विषय वेगळा. तू लहान होतास, तुला त्याबद्दल मी काही म्हणत नाही. आज मात्र तू लहान नाहीस.

दहावीनंतर मी दुकानात बसायला लागले. अप्पांच्या कात्रीने उजव्या हाताने कापायचे. काय कापायचे, वाट लावायचे. एका गिऱ्हाइकाची म्हैसूर सिल्क मी गळ्यापाशी वाकडी नेली आणि अप्पांना दोन्ही हात जोडून माफी मागावी लागली. ते मला काही बोलले नाहीत. दुपारी ते जेवायला घरी गेले की मी चिंध्या घेऊन डाव्या हाताने कापून बघायचे. त्यांच्या कात्रीने ते धड होईना, पाती फाकायची, अंगठा सोलून निघायचा. पण हात चुकत नव्हता. रेघ होती तिथेच जायचा. एक दिवस अप्पा लवकर आले. दारात उभे राहून किती वेळ बघत होते कोण जाणे. मी कात्री टाकून हात पाठीमागे नेला. ते आत येऊन टोपी काढून बसले आणि काम करायला लागले.

त्यानंतर काही दिवस ते संध्याकाळी इथल्याच शिवाजीनगरला जायचे. आई विचारायची, ते सांगायचे नाहीत. तिथे कात्र्या घडवणारा एक म्हातारा होता. मग एका सकाळी मी दुकानात आले तर टेबलावर नवी कात्री. सगळं उलटं. वरचं पातं खाली, खालचं वर, अंगठ्याची मूठ डाव्या अंगठ्यासाठी घासलेली. सांध्यावर पितळी खिळा. अप्पा मान वर न करता म्हणाले, “बघ, चालते का.”

बस. एवढंच. ना तेव्हा काही जास्त बोलले, ना पुढे. आईला त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही, पण ती दुकानात यायची बंद झाली. घरी माझा हात उजवा, दुकानात डावा. मरेपर्यंत अप्पांनी हे असंच चालू दिलं. ह्या घरात माझ्या हाताला कुणी एक वस्तू करून आणली असेल तर ती ही. तुला अप्पांची आठवण हवी होती. ती अप्पांची कात्रीच नव्हती रे. अप्पांची कात्री त्यांनी जाण्याआधी देवाप्पाला दिली, ती त्याच्या मशीनच्या खिळ्याला लटकते आहे. तू पूजेला बसलास तेव्हा तुझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होती. तिलाही हार घातलास तू. फोटोत दिसतो.

डाव्या हाताच्या कात्र्या आजकाल ऑनलाइन मिळतात, हे मला कुणी शिकवू नये. ज्या लगेच येतात त्या हलक्या, कागद कापायच्या. शिंप्याची जड कात्री बाहेरून यायला हवी आणि तोवर नवरी सासरी गेलेली असेल. सोयराबाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्या रोज फोन करतात. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाचा फोन वाजू देते आणि उचलत नाही. म्हणजे शेवटी तुझंच खरं होणार, दुकान बंदच पडणार, आणि तू म्हणशील, बघ, मी म्हटलं नव्हतं का.

जपानची कात्री परत पाठवते आहे. तुझ्या हाताला बरोबर बसेल.

हेमलता


जयनगर
१२ नोव्हेंबर २०२५

गुरुराज,

अक्षर बघून वसुमतीला हाक मारू नकोस. मला अर्धांगवायू झालेला नाही. हे पत्र मी डाव्या हाताने लिहिते आहे. लहानपणी हात बांधला त्यानंतर ह्या हाताने अक्षर काढलं नव्हतं, म्हणून ओळी डोंगर चढतात. वाचायला त्रास होईल. होऊ दे.

तुझे फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. तुझा मेसेज वाचला. ‘अक्का, मला खरंच माहीत नव्हतं गं.’ तो वाचून पहिल्यांदा माझा राग थोडा खाली आला होता. वाटलं, खरंच आहे, पोराला माहीत नव्हतं, कुणी सांगितलंच नाही, तर त्याला कसं कळणार. मी स्वतःला समजावत होते की पुढच्या वेळी फोन आला तर उचलायचा.

मग रविवारी मी अभिराजच्या शेडवर गेले. तू दिलेली सुरी टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घातली आणि मेट्रोने निघाले. तपासणीच्या मशीनमध्ये ती दिसली. पोलीसबाईने विचारलं, हे काय. मी कन्नडमध्ये सांगितलं की भावाने भाऊबीजेला दिली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आत सोडेना. शेवटी मी रिक्षा करून व्हाइटफील्डपर्यंत आले, ट्राफिकमध्ये कंबरेचा भुगा झाला. तुझ्या बिल्डिंगवरून रिक्षा गेली. मी वर बघितलं नाही.

मला विचारायचं होतं की ही दोन पाती पुन्हा जुळवता येतील का. अभिराज चांगला मुलगा आहे, पुण्याचा, कंपनी सोडून ह्यात पडला आहे. स्टूल दिलं, पाणी दिलं. सुरी हातात घेऊन उलटसुलट केली आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, धारेची बाजू घासून गेली, आता ती कात्री व्हायची नाही. मी म्हटलं, बरं. मग तो म्हणाला, “काकू, मी सरांना विचारलं होतं. ही लेफ्टी कात्री आहे, अशी सहसा बघायला मिळत नाही, तोडू नका म्हटलं. घरात कोण डावखुरं आहे, असंही विचारलं.”

मी विचारलं, मग सर काय म्हणाले?

“सर म्हणाले, आमच्या घरात कोणी डावखुरं नाही.”

मी तिथेच बसून राहिले. मशीन चालू होती, लोखंडाची धूळ उडत होती, आणि मला रडू आलं. रागाने आलं. तू खोटं बोलला असतास तर मी तुला आत्ता चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण तू खोटं बोलला नाहीस. तुला विचारलं, आणि तुझ्यासमोर मी आलेच नाही. तो परका मुलगा लोखंडाचा तुकडा बघून ओळखतो की कुणाचा तरी डावा हात ह्यात आयुष्यभर होता. आणि ज्याने ताटावरून ओरडून ओरडून माझा तो हात बांधायला लावला, त्याला आठवतही नाही. गुरुराज, ज्या गोष्टीसाठी मी मार खाल्ला ती तू विसरून गेलास. हे मी तुला माफ करेन की नाही मला माहीत नाही. आज तर नाहीच.

अभिराजने मग भंगाराच्या डब्यात हात घातला आणि कात्रीच्या दोन्ही मुठी बाहेर काढल्या. कापून टाकल्या होत्यास तू. त्याने त्या फेकल्या नव्हत्या, म्हणाला, कुणीतरी अंगठ्यासाठी फार मेहनतीने घासल्या आहेत, टाकवेनात. मी डावा अंगठा आत घातला. बसला. तो म्हणतो, ह्या मुठींना नवी पाती घडवून जोडून बघतो, उलटी, जशी होती तशी. घाई करणार नाही म्हणाला, आणि लग्नाच्या आधी तर नाहीच होणार. मी हो म्हणून आले. मुठी त्याच्याकडे ठेवल्या. सुरी परत आणली.

आल्यावर सोयराबाईंचा फोन उचलला. त्यांना सांगितलं की सगळे ब्लाउज वेळेवर मिळतील. आता ते कसे मिळणार आहेत ते ऐक.

देवाप्पा मशीन सोडून कापायला बसला तर शिवणार कोण? दुसऱ्या कटिंग मास्टरच्या हातात मी सोयराबाईंचं कापड देणार नाही. येत्या सोमवारपासून तू यायचंस. दुकान उघडायच्या वेळी. डबा आण, चहा इथे मिळेल. मी मापं घेईन, मी आखीन, तू कापशील. आधी अस्तरावर, हात बसला की रेशमावर. चुकशील, मी ओरडेन. अप्पा ओरडायचे नाहीत, मी अप्पा नाही. शाळेतले तुझे मित्र आता कुणी ह्या रस्त्याने जात नाहीत, तेव्हा दारापर्यंत येऊन परत फिरू नकोस. माझी कात्री तयार होईल त्या दिवशी तू सुटलास. दुकान किती दिवस चालवायचं ते मी बघेन, त्यात ‘ठेवू’ म्हणायचं काम नाही.

गुडघे दुखतात, मेट्रोला रांगा लागतात, वसुमती काय म्हणेल, हे काही मला लिहू नकोस. तू माझा हात नेलास. तर तुझा आण.

तुला अप्पांची कात्री हवी होती ना? देवाप्पाला मी विचारलं, त्याने ती मशीनच्या खिळ्यावरून काढून दिली. उजव्या हाताची आहे, तुला बरोबर चालेल. काल धार लावून घेतली. तुझी भाऊबीजेची सुरीही मी दुकानात आणली आहे, दोरे आणि जुन्या शिवणी उसवायला बरी पडते.

सोमवारी आलास की कात्री मी तुझ्या हातात देणार नाही. टेबलावर ठेवलेली असेल. तू उचल.

तुझ्या घरातली डावखुरी,
अक्का